एक्केचाळीस नावांचा पाय

आधी एक गोष्ट कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने सांगता येईल. चूक माझी होती. सरकारची नव्हती, गावाची तर मुळीच नव्हती. यंत्राचं काय चुकलं तेही सांगणार आहे, सोडणार नाही. पण सुरुवात माझ्यापासून झाली, खरं म्हणजे माझ्या उजव्या पायापासून.

मी उज्ज्वला शेडगे, उंबरवण्याची आशाताई. आमचं गाव पाटणच्या डोंगरात आहे आणि ते एका जागी नाही. खालची आळी ओढ्याकाठी, मधली आळी देवळापाशी आणि धनगरवाडा पार वर, डोंगरमाथ्याच्या सड्यावर. खालून वर जायला दीड तास लागतो. ही चढण मी वीस वर्षं चढले. कधी लसीचा डबा, कधी लोहाच्या गोळ्या, कधी कुपोषण बघायला लेकरांच्या दंडाला गुंडाळायची लाल-पिवळी-हिरवी पट्टी. नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी आहे. तो तिकडे पोती उचलतो, मी इकडे रजिस्टरं उचलते, असं आमचं हसत चाललेलं असतं.

२०३८ साली दिवाळीनंतर आमच्या पिशवीत आणखी एक पट्टी आली. हातभर लांब, काळी, रबरासारखी. पोटरीला गुंडाळायची आणि दहा मिनिटं स्वस्थ बसायचं. ती आत काय ऐकते, ते आम्हाला प्रशिक्षणात डॉ. केळुसकर मॅडमनी सांगितलं. मेंदूच्या डॉक्टर, वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलणं अगदी स्वच्छ.

त्यांचं सांगणं माझ्या शब्दांत सांगते. पाठीच्या कण्यात काही पेशी असतात. एकेका पेशीची तार निघते आणि स्नायूच्या शंभर-दोनशे धाग्यांना जाऊन मिळते. पेशीने हुकूम केला की तेवढे धागे आखडतात, म्हणून पाय उचलतो. एक आजार असा आहे की त्यात या पेशी एकेक करून मरतात. पेशी मेली की तिचे धागे पोरके होतात आणि आपले आपण फडफडायला लागतात. शेजारची पेशी या पोरक्यांना आपल्या घरात घेते, म्हणून माणसाला बरेच दिवस काही कळतच नाही. पुढे शेजारीणही थकते. मग पाय अडखळतो, हातातला कप सुटतो, बोलणं जातं, गिळणं जातं आणि शेवटी श्वास. डोकं तेवढं अखेरपर्यंत शाबूत राहतं.

हे ऐकून वर्गातल्या आम्ही चाळीसजणी नकळत आपापले पाय चाचपू लागलो.

मॅडम म्हणाल्या, "आता यावर एक इंजेक्शन आलंय. पाठीच्या कण्यात द्यावं लागतं. पण ताकद जायच्या आधी दिलं तरच उपयोग. म्हणून ही पट्टी. पोरक्या धाग्यांची फडफड आणि शेजारणीच्या तारेवर पडलेला जादा भार, दोन्ही ती आजाराच्या चार-पाच वर्षं आधी ऐकते."

गावातल्या तिशीपुढच्या प्रत्येक माणसाला पट्टी लावायची होती. उंबरवण्यात मला सोडून अशी माणसं चारशे बारा; आम्हा आशाताईंची मोजणी मागाहून तालुक्याला व्हायची होती. मार्चअखेरची तारीख होती आणि एकही नाव कोरं राहता कामा नये असा हुकूम होता. तीनशे एकाहत्तर जणांना मी नीट लावली. घरात बसलेल्या, चहा पीत असलेल्या, गोधडीवर पाय पसरलेल्या माणसांना. उरलेले एक्केचाळीस सापडेनात. कुणी म्हशींमागे, कुणी लाकडाला, कुणी पट्टी बघूनच मागच्या दाराने पसार. तीन-तीन खेपा झाल्या. वरून रोज फोन, "ताई, तुमचंच गाव मागे."

पट्टी टेबलाला गुंडाळून चालत नसे, तिला जिवंत स्नायू लागायचा. मोबाइल ज्याच्या त्याच्या वाडी-शिवाराचा ठिकाणा तपासायचा, म्हणजे तिथवर जावंच लागायचं. पण पाय कुणाचा आहे हे पट्टीला कळत नव्हतं. ती सोय खर्च वाचवायला काढून टाकली होती, असं मागाहून समजलं.

पहिल्यांदा केलं ते शंकर पवाराच्या ओट्यावर. चौथी खेप होती, दार बंद. मी टेकले, घाम पुसला, पट्टी माझ्याच पोटरीला गुंडाळली आणि नाव घातलं शंकर पवार. दहा मिनिटांनी अक्षरं उमटली, 'नोंद पूर्ण'. मला वाईट वाटलं असं म्हणाले तर खोटं होईल. हुश्श वाटलं. आमच्या खात्यात कागद भरला म्हणजे काम झालं, हे मी वीस वर्षं बघत आले होते. पुढचे चाळीस तसेच झाले. शेवटचे अकरा धनगरवाड्यावर, एकाच आठवड्यात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निकालाची यादी आली. ग्रामपंचायतीत सगळ्यांना बोलावलं होतं. औषधाच्या कंपनीचे सबनीस साहेब पुण्याहून आले होते, डॉ. केळुसकर होत्या, आमचे सरपंच संपतराव साळुंखे खुर्च्या पुसत फिरत होते. सबनीसांनी सांगितलं की उंबरवण्यात एक्केचाळीस माणसांना या आजाराची सुरुवात दिसते आहे, इतक्या लहान गावात इतकी माणसं जगात कुठेच सापडलेली नाहीत.

आकडा ऐकला तेव्हाच मला न सापडलेल्यांची माझी यादी आठवली. मग ते नावं वाचू लागले. शंकर पवार. हिराबाई पवार. मारुती कदम.  दहाव्या नावापुढे मी ऐकत नव्हते, मीच मनात पुढचं नाव म्हणत होते आणि ते बरोबर येत होतं. शेवटचं नाव बिरू झोरे. जी तीनशे एकाहत्तर माणसं मी खरीखुरी मोजली, त्यातलं एकही नाव यादीत नव्हतं.

"आणि गंमत म्हणजे," सबनीस म्हणाले, "सगळ्यांचे संकेत इतके सारखे आहेत, जणू एकाच रक्ताचे. हा आनुवंशिक प्रकार असणार किंवा पाण्यातलं काहीतरी."

मागून कुणीतरी बोललं, "आमची भावकी एवढी एक कधी झाली न्हवती." कुणी हसलं नाही.

माझी उजवी पोटरी तेव्हाही फडफडत होती. दिवाळीपासून फडफडत होती. मी ती चढणीच्या खात्यावर टाकली होती. एक्केचाळीस माणसं आजारी नव्हती. एकच बाई होती आणि तिला यंत्राने एक्केचाळीस वेळा सांगितलं होतं.

त्या दिवसापासून मी दोन कामं करू लागले. लोकांसमोर आशाताईचं आणि घरात चोराचं. सकाळी चुलीपाशी चवड्यांवर उभी राहायची, मग टाचांवर. दार लावून शिवणाची टेप घ्यायची आणि दोन्ही पोटऱ्या मोजायच्या. उजवी दीड सेंटिमीटरने बारीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायची, दीडच. टेप जरा सैल धरली की एक, आवळली की दोन. आरशापुढे जीभ बाहेर काढून ती थरथरते का बघायची. कुणाचीही जीभ बाहेर काढून बघितली की थरथरतेच, हे तेव्हा कोण सांगणार? भाकरी थापताना अंगठा आखडला की पीठ तसंच टाकून बसायची. नवऱ्याचा फोन आला की म्हणायची, सगळं बरं आहे. भीतीने माणूस आपल्याच अंगावर पाळत ठेवायला लागतो, हे मी त्या तीन आठवड्यांत शिकले. रागही यायचा. ज्या पायाने वीस वर्षं गाव चढले, त्याच्याकडे मी आता संशयाने बघत होते.

गावात मात्र वेगळंच चाललेलं. आमच्या उपकेंद्राला अकरा वर्षं डॉक्टर नव्हता. आता आठवड्यातून तीनदा गाडी येऊ लागली. मधल्या आळीपर्यंतचा रस्ता खडी टाकून दाबला. सरपंच मोठ्या गावच्या सरपंचांशी फोनवर मान ताठ करून बोलू लागले. आणि यादीतली माणसं हळूहळू मोडत चालली. शंकर पवार हातात काठी घेऊन फिरू लागला. हिराबाई म्हणायची, घास घशात अडकतोय. मारुतीच्या मुलीचं ठरलेलं लग्न पाहुण्यांनी पुढे ढकललं, कारण आनुवंशिक हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचला होता.

पण मला मोडलं ते बिरूमामाने. पंचावन्न वर्षांचा गडी, वीस म्हशी, सड्यावरून खाली दूध आणायचा तो पळत. मी वर गेले तर तो बाजेवर. ठकूमामी पाय चोळत बसलेली.

"कदीधरनं?" मी विचारलं.

"बारा दिस झालं," मामी म्हणाली. "पयला म्हनला पायात मुंग्या येत्यात. मंग म्हनला उठवंना. आता म्हशी म्याच नेते."

बिरूमामा छताकडे बघत होता. "ताई, तू पट्टी लावलीस तवा मला कायबी झालं न्हाई. दुखलं न्हाई, खुपलं न्हाई. मला तर आठवत बी न्हाई, तू कवा लावलीस ती. बग, डोक्यावरबी परिनाम झालाय."

 त्याला आठवत नव्हतं, कारण मी लावलीच नव्हती. तो तेव्हा म्हशींमागे होता आणि मी याच ओट्यावर बसून धापा टाकत माझी पोटरी त्याच्या नावाने मोजली होती.

"सोमवारी पयलं इंजेक्षान मलाच हाय," तो म्हणाला. "सायेब म्हनलं, पाटीच्या कन्यात घालायचं. भ्या वाटतं गं."

मी तिथून उतरले ती थेट सरपंचांकडे. सगळं सांगितलं. संपतरावांनी आधी उठून खिडकी लावून घेतली.

"उज्ज्वला, हे तू मला सांगितलं नाहीस, मी ऐकलं नाही."

"अहो, धडधाकट माणसांच्या पाठीत सुया खुपसणार ते."

"औषधच आहे, विष नाही. धडधाकट माणसाला पाणी प्यायल्यासारखं होईल. अकरा वर्षं डॉक्टर मागतोय आपण. निवेदनं देऊन माझे केस गेले. आता आठवड्यातून तीनदा गाडी येते. तू तोंड उघडलंस की पाचव्या मिनिटाला ती माघारी वळेल. आणि तुझं काय? नोकरी जाईल ते वेगळंच."

मी म्हटलं, "नोकरी जाऊ दे." आणि निघाले. पण खरी अडचण त्यांना ठाऊकच नव्हती. ती मला उपकेंद्रात आलेल्या डॉ. केळुसकरांनी सांगितली. मी त्यांना सहज विचारावं तसं विचारलं होतं की मॅडम, समजा, गावात असा एकच माणूस असता तर?

"एकासाठी ते आलेच नसते, ताई. कंपनीची अट आहे, एका वस्तीत कमीत कमी वीस रुग्ण. औषध अजून चाचणीतच आहे, बाजारात यायला सहा-सात वर्षं लागतील."

"त्या एकाने काय करायचं?"

"वाट बघायची. मला ते पटत नाही, पण उत्तर तेच आहे." मग म्हणाल्या, "मी खरं तर सगळ्यांना परत एकदा मोजा म्हणत होते. सबनीस म्हणतात गरज नाही, यंत्राने एक्केचाळीस वेळा तेच सांगितलंय."

घरी आले आणि उंबऱ्यावरच बसले. आता हिशेब सरळ होता. गप्प राहिले तर एक्केचाळीस चांगल्या माणसांच्या पाठीत सुई जाईल. बोलले तर औषध पेटीत बंद होऊन पुण्याला परत जाईल. आणि गावात ते ज्या एकाच माणसाला हवं होतं, ती मी. थोडी हुशारी केली असती तर यादीत माझंही नाव घुसवता आलं असतं, बेचाळिसावं. हे माझ्या मनात आलं. एकदा नाही, सात-आठ वेळा आलं. माणूस आहे मी, देवी नाही.

पण मग बिरूमामाचं ते 'भ्या वाटतं गं' आठवायचं आणि मला माझीच चीड यायची. आजार व्हायचा तर होऊ दे. तो माझ्या पायात शिरला असेल, माझ्या जिभेवर अजून आलेला नाही. बोलता येतंय तोवर बोलून घ्यायचं, एवढं मी ठरवलं.

सोमवारी सकाळी शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. आत पलंग, पांढऱ्या चादरी, थंड पेट्या. एक्केचाळीस माणसं सतरंजीवर बसलेली. बिरूमामाला बाजेवर घालून चौघांनी सड्यावरून खाली आणलं होतं. सरपंच भाषणाला उभे राहणार, तेवढ्यात मी त्यांच्या हातातला माइक घेतला.

"कुणीही सुई टोचून घेऊ नका," मी म्हणाले. "तुम्हाला कुणालाही काही झालेलं नाही. तुम्ही सापडला नाही म्हणून मी तुमच्या नावावर माझा पाय मोजला. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वेळा. शंकरदादा, तुझ्या ओट्यावर बसून. हिराबाई, तुमच्या गोठ्यापाशी. यंत्राला जे दिसलं ते माझ्या पायात आहे. तुमचे पाय चांगले आहेत. घरी जा."

हिराबाईने मोठ्ठा आवंढा गिळला आणि तो उतरला. तिच्या चेहऱ्यावरच कळलं.

पहिला ओरडला बिरूमामा. "म्हंजी तू मला पट्टी लावलीच न्हाईस?"

"नाही, मामा."

"आनी म्या सोळा दिस बाजंवर पडून ऱ्हायलो? माज्या म्हशी! बायकू म्हशी वळतीय माजी!" तो उठला, शेजारच्याची काठी ओढून घेतली आणि ताडताड माझ्यावर चालून आला. मांडवाच्या मध्यावर आला तेव्हा ठकूमामी किंचाळली, "आवो, चाललासा की!" तो थबकला. खाली पायांकडे बघितलं. काठी उगारलेलीच होती, ती खाली आणायचं त्याला सुचेना. मग आधी पोरी हसल्या, मग सगळा मांडव. मीही हसले आणि हसता हसता मला रडू फुटलं.

सबनीस मात्र हसले नाहीत. त्यांनी मला जे सुनावलं ते मी ऐकून घेतलं, ते खरंच होतं. मग ते माणसांना म्हणाले, पेट्या गाडीत भरा.

"साहेब," मी म्हटलं, "एक्केचाळीस नसतील, पण एक पाय आहे. तो तपासून जा."

"बाई, एका केससाठी आमच्या अटी बदलत नाहीत. तुम्ही रीतसर सरकारी दवाखान्यात जा." मग त्यांनी कागदांचा गठ्ठा काढला. "आणि या एक्केचाळीस जणांच्या सह्या लागतील. माघारपत्र. आजच्या आज. सहमतीचे कागद पुढे गेलेत, कुणालाही औषध दिलेलं नाही आणि कुणाचीही तक्रार नाही, असं लिहून दिलं नाही तर चौकशी लागेल."

"कुनाची?" बिरूमामाने विचारलं.

उत्तर डॉ. केळुसकरांनी दिलं. "कंपनीची. रुग्णाला समोर बसवून न मोजता सुई आणली म्हणून."

बिरूमामाने काठी जमिनीवर टेकवली. सोळा दिवसांचा सगळा राग त्याच्यात अजून होता, फक्त आता त्याला दुसरी दिशा मिळाली. "मंग म्या सही करत न्हाई."

"अहो, पण तुम्ही बरे आहात!"

"म्या बरा हाय, ही न्हाई. हिनं चुकी केली, तिला काय शिव्या घालायच्या त्या आमी घालू, तुमी नगा घालू. ही इस वरसं माज्या दारात आली. माज्या नातीला कावीळ झाली तवा हिनं खांद्यावर घिऊन उतरवली. तुमची गाडी तवा कुटं हुती? आधी हिचा पाय तपासा, मंग सही."

"मीबी न्हाई करत," हिराबाई म्हणाली. शंकरदादाने हातातली काठी लांब टाकून दिली आणि हात बांधून उभा राहिला. जी माणसं पट्टी बघून मागच्या दाराने पळाली होती, ती आता पुढच्या दारात बसली, उठता उठेनात. संपतराव दोन मिनिटं इकडे-तिकडे बघत राहिले. मग तेही सतरंजीवर जाऊन बसले. यादीत त्यांचं नाव नव्हतं, तरी बसले.

दुपारचं ऊन मांडवात शिरलं तेव्हा सबनीसांनी कराडच्या मोठ्या दवाखान्यात फोन लावला. स्नायूत सुई घालून माझ्या तारांची तपासणी होणार, खर्च कंपनीचा, आणि डॉ. केळुसकर स्वतः करणार असं कागदावर लिहून दिलं. मग सह्या झाल्या.

मॅडमनी मला बाजूला घेऊन त्यांच्या संगणकावर माझे एक्केचाळीस निकाल तारखेप्रमाणे लावले. 

"ताई, एका माणसाच्या एकाच पायाच्या चार महिन्यांत एक्केचाळीस नोंदी. अशी माहिती जगात कुणाकडे नाही. पण..." त्यांनी रेघ दाखवली. ती चढत होती. पहिली नोंद धोक्याच्या खुणेच्या जेमतेम वर, शेवटच्या अकरा पार टोकाला. "चार महिन्यांत इतकी वाढ चांगली नसते. तुम्हाला बाहेर जाऊन ऐकायचंय का?"

"इथंच सांगा. मी लोकांचे निकाल चारचौघांत सांगत आले."

पण मी त्या रेघेकडे बघतच राहिले, कारण मला रेघ दिसत नव्हती, नावं दिसत होती. खाली पवार, कदम. मध्ये देवळाजवळचे साळुंखे. वर टोकाला सगळे झोरे.

"मॅडम, बाकीच्यांना मी ते घरात बसलेले असताना मोजलं. स्वतःला मात्र दरवेळी चढून गेल्या गेल्या मोजलं, धापा टाकत. पहिली नावं ओढ्याकाठची आहेत, शेवटची सड्यावरची. तुमच्या यंत्राला हे ठाऊक आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "यंत्राला शिकवलं ते दवाखान्यात पलंगावर झोपलेल्या माणसांवर."

"त्यातलं कुणी चढलं होतं काही?"

"जिना," त्या म्हणाल्या. "फार तर."

कराडला सुई पोटरीत गेली, मांडीत गेली, अंगठ्याच्या मुळाशी गेली, जिभेतसुद्धा गेली. दुखलं. मी ओरडले नाही, शिव्या मात्र दिल्या, त्या मॅडमनी हसून ऐकल्या. संध्याकाळी त्यांनी समोर बसवून सांगितलं, "तारा शाबूत आहेत. पोरके धागे नाहीत. फडफड आहे ती थकलेल्या स्नायूची, पुष्कळ लोकांना असते. बारीक पोटरीचं म्हणाल तर कुणाचेच दोन पाय सारखे नसतात. माझेही नाहीत, मोजून बघा."

"म्हणजे आजार नाही?"

"आज नाही. उद्याचं मी कुणालाच लिहून देत नाही. सहा महिन्यांनी या."

मला वाटलं होतं मी आनंदाने ओरडेन. पण मी म्हणाले, "मग तुमच्या यंत्राला एक प्रश्न विचारायला शिकवा. आज किती चढून आलात, एवढाच. नाहीतर डोंगरातली सगळी माणसं तुम्हाला आजारी दिसतील." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मला कामावरून काढलं. काढायलाच हवं होतं, त्यावर माझी तक्रार नाही. गाड्या यायच्या बंद झाल्या, पण गावाची एकजूट उरली. सरपंचांनी तेच एक्केचाळीस जण तालुक्याच्या कचेरीत नेऊन बसवले आणि ते उठता उठले नाहीत. आता उपकेंद्रात दोन दिवसांआड डॉक्टर येतो. मारुतीच्या मुलीचं लग्न झालं, वाढायला मी होते.

याला तीन वर्षं झाली. परवा नवी आशाताई पल्लवी दारात आली, घामाघूम. हातात तीच काळी पट्टी, सुधारलेली. मला लावली. मोबाइलवर पहिलाच प्रश्न आला, 'आज किती चढ चढून आलात?' मी तो दोनदा वाचला. हा प्रश्न आता राज्यभर विचारतात आणि तो माझ्या पायाने घातलाय, हे पल्लवीला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

पट्टी काढताना ती घुटमळली. "काकी, सगळे झाले. फक्त बिरूमामा राहिलेत, म्हशींमागं गेलेत. आज शेवटची तारीख. तीन खेपा घातल्या मी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमच्या पायाला अजून एकदा लावू का? वर त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलं की झालं. कुणाला कळतंय?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ते तोंड वाईट नव्हतं, थकलेलं होतं. मी ओळखते ते तोंड.

मी उठले, चपला घातल्या, तिच्या खांद्यावरची पिशवी काढून माझ्या खांद्यावर घेतली. "चल."

"कुठं?"

"जिथं म्हशी आहेत तिथं."

सड्यावर पोचायला दीड तास लागला, पूर्वीइतकाच. बिरूमामा पार पलीकडच्या टोकाला होता. आम्हाला बघून त्याने लांबूनच हाक दिली, "आता काय, माजा पाय हुडकत आलासा व्हय?" मग दगडावर बसला आणि धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. पल्लवीने त्याच्या पोटरीला पट्टी गुंडाळली. त्याच्याच.

मी शेजारी टेकले. माझी उजवी पोटरी फडफडायला लागली होती, रोजच्यासारखीच. पूर्वी अशा वेळी मी श्वास रोखून धरायची. आता तिच्यावर हात ठेवला आणि म्हटलं, फडफड किती फडफडायचं ते. अजून उतरायचंय आपल्याला.